हात खांद्याच्या वर

मैत्रिणींनो, या पानाकडे येणारी पत्रं बहुतेक ठरावीक असतात. लोणच्याला बुरशी का धरली, पांढऱ्या सदऱ्यावरचा गंजाचा डाग कसा घालवावा, सातवीतला मुलगा जेवताना मान वर करीत नाही त्याचं काय करावं. या खेपेला मात्र एक निराळंच पत्र हाती आलं आहे, आणि तेही थेट भामरागडहून.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीचे यजमान सरकारी नोकरीत. त्यांची तिकडे बदली झाली आणि मागोमाग संसारही गेला. क्वार्टरच्या जवळच शाळा आहे, शाळेला वसतिगृह आहे, आणि तिथे दूरदूरच्या गावांतून, टोल्यांवरून आलेल्या माडिया मुली राहतात. हिवाळ्यात मुलामुलींचे खेळ भरायचे आहेत. कबड्डी, खो-खो चालू असताना मैदानाच्या कडेला उभं राहून आपल्या संघाला जोर देणारी सोळा मुलींची एक तुकडी बसवावी, अशी टूम कुणीतरी काढली. क्रिकेटच्या सामन्यात टीव्हीवर दिसते तशी, पण घरंदाज! आणि ती बसवायची कुणी? तर या बाईंनी. का, तर एकदा हळदीकुंकवाला त्या बोलून गेल्या होत्या की शाळेत असताना मी लेझमीच्या पथकात होते. (हळदीकुंकवाला बोललेलं कधी वाया जात नाही, हे तुम्हांला ठाऊक आहेच.)

त्यांनी दोन गोष्टी विचारल्या आहेत. या प्रकारातल्या हातापायांच्या मूळ हालचाली कोणत्या, आणि दोन मुलांच्या आईनं मैदानात उभं राहून हातवारे करणं शोभत नाही असं सासूबाई म्हणतात, त्यांना काय सांगावं. आणि पत्राच्या तळाशी, ताजा कलम म्हणून, एकच ओळ आहे: उजवा हात खांद्याच्या वर नेला की कळ येते, दोरीवर चादरसुद्धा डाव्या हातानं टाकते. मला विचाराल तर खरं पत्र या ताज्या कलमातच आहे. पण क्रमाने घेऊ.

आधी हे प्रकरण आलं कुठून ते थोडक्यात सांगते, म्हणजे सासूबाईंनाही सांगता येईल. चिअरलीडर म्हणजे तोकड्या कपड्यातल्या पोरी, एवढंच आपल्या डोक्यात बसलंय. प्रत्यक्षात १८९८ सालच्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यात जॉनी कॅम्बेल नावाचा एक विद्यार्थी प्रेक्षकांपुढे येऊन उभा राहिला आणि त्याने सगळ्यांकडून एका सुरात आरोळ्या देवविल्या, तिथून याची सुरुवात धरतात. पुढे पंचवीस वर्षं हे काम मुलगेच करीत होते. त्याच विद्यापीठात १९२३ साली मुली यात आल्या. आपल्याकडे हे आलं २००८ साली, क्रिकेटच्या आयपीएलबरोबर. त्या वर्षी कपड्यांवरून महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता, आठवतं ना? २०११ मध्ये पुण्याच्या संघाने त्यावर तोड काढली आणि आपल्या देशी वेशातल्या, आपली नृत्यं करणाऱ्या मुली मैदानाच्या कडेला उभ्या केल्या. आणि २०२१ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या खेळाच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यताही दिली. म्हणजे वाद असेल तर तो कपड्यांचा. हातापायांनी कुणाचं काही बिघडवलेलं नाही.

त्या हातांची रीत मात्र समजून घेण्यासारखी आहे. शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसालाही खूण कळली पाहिजे, म्हणून हात ताठ, मूठ घट्ट आणि प्रत्येक हालचाल एका जागी थबकणारी. झेंड्याची खूण करणारा रेल्वेचा गार्ड आठवा. तो झेंडा लाडिकपणे फिरवीत बसला तर ड्रायव्हरला काय कळणार?

आता भामरागड. नकाशात बघाल तर महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेच्या टोकाला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या जिथे भेटतात तिथे हे गाव आहे. पलीकडे छत्तीसगड. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, त्याआधी हा सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात होता. गावाला लागूनच हेमलकसा. बाबा आमट्यांनी १९७३ साली तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तिथे जाऊन राहिले, तेव्हापासून आपल्यापैकी अनेकींना हे नाव ऐकून माहीत आहे. पण नाव माहीत असणं वेगळं आणि तिथल्या मुलींना काय येतं हे माहीत असणं वेगळं.

कारण त्या मुलींना रेला येतो. रेला हे त्यांचं गाणंही आणि नाचही. बायका एका ओळीत उभ्या राहतात, शेजारणीच्या कमरेला किंवा खांद्याला हात घालून साखळी करतात, आणि ती साखळी गाण्याच्या ठेक्यावर लहान लहान पावलं टाकीत, किंचित वाकत, पुन्हा सरळ होत, गोलाकार सरकत जाते. लग्नात, सणाला, रात्र रात्र चालते. मोजणारं कुणी नसतं, शिट्टी नसते, पुढे उभं राहून ओरडणाऱ्या बाई नसतात, तरी ओळीतलं एक पाऊल चुकत नाही. शहरातल्या शाळेत स्नेहसंमेलनाचा नाच बसवताना आमच्या शिक्षिका महिना महिना घसा फोडतात तो कशासाठी? मुलींचे पाय एकदम पडावेत म्हणून. ते भामरागडच्या मुलींना पाळण्यापासून येतं. आईच्या पाठीला किंवा कडेला बांधलेलं मूल त्या ठेक्यातच वाढतं.

तेव्हा माझं पहिलं सांगणं हेच, की पाय शिकवायला जाऊ नका. पाय त्यांच्याकडून तुम्ही शिका. पहिले दोन दिवस मुलींना म्हणावं, तुमचा रेला मला शिकवा. ओळीत मध्ये उभ्या राहा, दोन्हीकडच्या मुली तुम्हांला आपोआप ओढून नेतील. यात दोन फायदे आहेत. एक तर वर्गात मराठी बोलताना मान खाली घालणाऱ्या मुलीला बाईंची चूक सुधारायला मिळते, आणि तिची मान वर येते. या प्रकारात नजर समोर नि आवाज मोकळा लागतो. तो ‘वर बघ, वर बघ’ म्हणून दटावल्याने येत नाही. दुसरा फायदा म्हणजे कोणती मुलगी ठेका धरते आणि कोणती तिच्याकडे बघून पाऊल टाकते, हे तुम्हांला ओळीतूनच कळेल. ठेका धरणाऱ्या चौघींना पुढे चार कोपऱ्यांवर उभं करा, बाकीच्या बारा त्यांच्या आधाराने सांभाळल्या जातील.

एक मात्र खबरदारी घ्या. रेला जसाच्या तसा उचलून, त्यावर झगमगीत कागद चिकटवून पाहुण्यांपुढे ठेवू नका. तो त्यांच्या घरचा आहे. त्यातली कोणती पावलं मैदानात चालतील, हे मुलींना नि त्यांच्या आयांना विचारून ठरवा. त्या नाही म्हणाल्या तर साधं जागच्या जागी पाऊल टाकणंही पुष्कळ होतं.

अडचण आहे ती हातांची. रेल्यात हात शेजारणीला गुंफलेले असतात, ते मोकळे हवेत जातच नाहीत. आणि तोंड असतं आतल्या बाजूला, एकमेकींकडे. इथे हात सोडून, एकटीनं, परक्या लोकांकडे तोंड करून उभं राहायचं. नवं आणि अवघड तेवढंच आहे.

तुमची लेझीमही इथे थोडी कामाला येईल, थोडी आड येईल. विदर्भात लेझमीची परंपरा मोठी. अमरावतीचं १९१४ सालचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी व्यायाम दाखवून आलं. ‘चार आवाज’, ‘एक जगह’, ‘पवित्रा’ हे हुकूम ज्यांच्या कानांत बसले आहेत त्यांना आकड्यावर अंग हलवणं सांगावं लागत नाही. पण लेझमीत हात वाहता असतो. साखळी वाजवायची म्हणून मनगट मोडतं, कोपर वळतं, कंबर झुकते. इथे त्याच्या नेमकं उलट करायचं आहे. मनगट मोडायचं नाही आणि जिथे जायचं तिथे हात जवळच्या वाटेनं जाऊन खटकन थांबायचा. लेझीम खेळलेल्या बाईचे हात पहिले आठ दिवस गोल गोल फिरतात, हे लक्षात ठेवा आणि आरशासमोर उभ्या राहा. कपाटाचा आरसा पुरतो.

सुरुवात मुठीपासून. अंगठा बोटांच्या आत दडपायचा नाही, बाहेरून बोटांवर आडवा ठेवायचा. मूठ आणि कोपरापुढचा हात एका सरळ रेषेत, वर पट्टी ठेवली तर टेकेल असा. मुठीचे दोन प्रकार पाठ करून घ्या. दोन्ही हात समोर करून भरलेल्या बादल्यांच्या कड्या धरल्यासारख्या मुठी पालथ्या ठेवल्या तर ती बादलीची मूठ. पेटती मेणबत्ती धरल्यासारखा अंगठा वर ठेवला तर मेणबत्तीची मूठ. इंग्रजीतही त्यांना अशीच नावं आहेत, स्वयंपाकघरातली! बाकीच्या हालचालींना मी आपलीच नावं ठेवली आहेत, कारण भामरागडच्या मैदानात ‘हाय व्ही’ नि ‘टचडाउन’ ओरडून काय साधणार? मुलींनी त्यांच्या माडियात निराळी नावं पाडली तर ती माझ्यापेक्षा चांगलीच असतील.

पहिली कावड. दोन्ही हात बाजूंना खांद्याच्या उंचीवर सरळ, मुठी पालथ्या. खांद्यावर कावड घेणाऱ्याचा आडवा बांबू डोळ्यांसमोर आणा, तो कलला की पाणी सांडलं. दुसरं छप्पर. तेच हात खाली उतरते, अंगापासून दूर, कौलाच्या दोन उतारांसारखे. तिसरी शिंगं. हात वर आणि बाहेर, रानगव्याच्या शिंगांसारखे. तीनही प्रकारांत सगळ्यांची चूक एकच होते, ती म्हणजे हात खांद्याच्या मागे जातात. मग पोट पुढे येतं, कंबर मोडते आणि दहा मिनिटांत पाठ भरून येते. हात नेहमी अंगाच्या किंचित पुढे असावेत. समोर बघत असताना डोळ्यांच्या कडेला आपल्या दोन्ही मुठी पुसटशा दिसल्या पाहिजेत. न दिसल्या तर हात मागे गेले आहेत असं समजा. यापेक्षा सोपी परीक्षा नाही.

खांब म्हणजे दोन्ही हात कानांना लागून सरळ वर, मुठी एकमेकींकडे तोंड करून. खांदे कानांपर्यंत चढवायचे नाहीत, मान लांब दिसली पाहिजे. झेंडा म्हणजे एक मूठ कमरेवर आणि दुसरा हात खांबासारखा वर. काटकोन म्हणजे एक हात खांब, दुसरा कावड. उतरण म्हणजे एक हात शिंगासारखा वर, दुसरा छपरासारखा खाली, आणि दोन्ही मिळून एकच तिरपी रेघ. इथे मुलींचा खालचा हात हमखास आळशी होतो. पंख म्हणजे कावडीतून कोपरं मोडून मुठी छातीपुढे आणायच्या, कोपरं मात्र खांद्याच्या उंचीवरून ढळू द्यायची नाहीत. टाळीसुद्धा शिकावी लागते. ती पोटाशी वाजवायची नाही, हनुवटीच्या खाली वाजवायची, कोपरं अंगाशी धरून, बोटं जुळवून. आवाज लाटणं ओट्यावर आपटल्यासारखा आला पाहिजे. अजून पाच-सात प्रकार आहेत, त्यांत हात एकमेकांना ओलांडतात. पहिल्या वर्षी त्यांच्या वाटेला जाऊ नका.

पायांत तीनच गोष्टी. पाय जोडून, पाय खांद्यांएवढे फाकून, आणि पवित्रा. पवित्र्यात एक पाय बाजूला टाकून गुडघा वाकवायचा, दुसरा पाय ताणून सरळ. वाकवलेला गुडघा घोट्याच्या नेमका वर असावा, पायाच्या बोटांपुढे जाऊ नये नि आत कलू नये. गुडघा दुखण्याचं मूळ तिथेच असतं. उड्या, कुणाला खांद्यावर घेणं, मनोरे, हे काहीही करायचं नाही. मुरमाच्या जमिनीवर, गादी नाही, शिकलेला प्रशिक्षक नाही, अशा ठिकाणी त्या हौसेपायी मान मोडते.

आता जोडणी. सगळं आठाच्या मोजणीत बसवा. पहिल्या आठांत एकला पाय फाकून छप्पर, दोनला स्तब्ध. तीनला कावड, चारला स्तब्ध. पाचला शिंगं, सहाला स्तब्ध. सातला पाय जोडून टाळी, आठला हात खाली. दुसऱ्या आठांत एकला उजवीकडे पवित्रा आणि उजवा हात वर अशी उतरण, दोनला स्तब्ध. तीनला पाय जोडून खांब, चारला स्तब्ध. पाचला डावीकडे तसंच, सहाला स्तब्ध. सातला टाळी, आठला हात खाली. एवढं सोळा जणींचं एकसारखं झालं की दुरून कवायत आहे की कापडावरची नक्षी, असा भास होतो. तिसऱ्या आठांत मुलींची स्वतःची पावलं घाला, हात कमरेवर. चौथ्यात पहिलाच आठ पुन्हा. बस्स.

‘स्तब्ध’वर सगळा जोर द्या. हालचाल कुणालाही करता येते, थांबणं येत नाही. मी तर म्हणेन पहिले तीन दिवस हाताला हात लावून बघा. मुलगी कावडीत उभी असताना तिच्या मुठीवर दोन बोटांनी हलकेच दाबा. हात हलला तर खांद्यात जोर नाही आणि तो नुसताच हवेत ठेवलेला आहे. आकडे मुलींच्या भाषेत मोजा, ते त्यांनाच विचारून पाठ करा. ठेका आपल्या भाषेत आला की अंग लवकर ऐकतं. आरोळी छोटी हवी, तीन-चार शब्दांची, आणि आपल्या संघाचं कौतुक करणारी. समोरच्या संघाची टिंगल नको. आवाज घशातून काढू नका, पोटातून काढायला शिकवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सोळाच्या सोळा घोगऱ्या.

सराव सकाळी कोवळ्या उन्हात, अर्धा-पाऊण तास, आणि शेजारी पाण्याची कळशी. हे मी उगाच लिहीत नाही. त्या भागात सिकलसेलचा आजार पुष्कळ घरांत आहे. ज्या मुलीला तो आहे तिला तहान, थंडी आणि अति दमणूक या तिन्ही गोष्टी बाधतात, सांधे दुखून आजार उसळतो. म्हणून सोळाजणींची निवड करण्याआधी शाळेत तपासणीची कार्डं असतील ती बघा, नसतील तर दवाखान्यात विचारा. आजार असलेल्या मुलीला वगळू नका. तिला डॉक्टरांच्या सल्ल्याने बेताची जागा द्या, मधूनमधून बसू द्या, आणि ती बसली तर बाकीच्यांनी हसायचं नाही हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. ताप आलेल्या मुलीला मात्र त्या दिवशी मैदानातच आणू नका. गडचिरोलीत ताप म्हटला की आधी रक्ताची तपासणी. आणि पाळीच्या दिवसांत ‘आज नको बाई’ म्हणणारीला कारण विचारू नका, ‘मी येते’ म्हणणारीला अडवूही नका.

आता तो ताजा कलम. चाळिशीच्या आसपास आपल्यातल्या कितीजणींचा हात असा अडतो, आणि कितीजणी तो कुणाला न सांगता डाव्या हातानं संसार ओढतात! आधी वेणी घालताना हात पुरत नाही, मग पाठीमागचा हूक लागत नाही, मग डब्यांच्या वरच्या फळीवरचं काही काढायचं म्हणजे मुलाला हाक. खांदा आखडण्याचा हा आजार चाळीस ते साठ या वयात जास्त दिसतो, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, आणि साखरेचा विकार असेल तर आणखी जास्त. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा आणि रक्तातली साखर तपासून घ्या. रात्री कुशीवर झोपताना कळ उठत असेल, हात वर जातच नसेल किंवा पडल्या-झडल्याचं निमित्त असेल, तर दाखवल्याशिवाय काहीही करू नका.

डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं तर भिंतीसमोर उभ्या राहून बोटांनी भिंत चढत जा, मुंगी चढते तशी. कळ सुरू होण्याच्या जरा अलीकडे थांबा, पेन्सिलीने भिंतीवर खूण करा, सावकाश उतरा. दिवसातून दोनदा, पाच-पाच वेळा. त्याआधी गरम पाण्याच्या पिशवीनं शेक घेतला तर बरं. खूण आठवड्याला बोटभर वर सरकली तरी ती पुढे सरकली म्हणायची. तुम्ही मुलींना शिंगं दाखवताना डावा हात पूर्ण वर न्या आणि उजवा कावडीतच ठेवा. मुलींना सांगून टाका, बाईंचा हा हात अजून शिकतोय. शिकवणाऱ्या बाईला सगळंच आलं पाहिजे असं नाही. तिला चूक ओळखता आली पाहिजे.

आणखी एक गोष्ट, जी कुणी पत्रातही लिहीत नाही. बाळंतपणांनंतर उडी मारताना, जोरात शिंकताना, ओरडताना अंगावर थेंब जातो म्हणून पुष्कळ बायका अशा कामांना नाही म्हणतात आणि कारण मात्र स्वयंपाकाचं सांगतात. हे अंगवळणी पाडून घेण्यासारखं दुखणं नव्हे. लघवी अडवताना जे स्नायू आवळतो ते आवळून पाच आकडे मोजायचे, सोडायचे, पुन्हा आवळायचे. दहा वेळा, दिवसातून तीनदा, भाजी निवडतानाही जमतं. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा प्रयोग करायचा नाही. दोन-तीन महिने नेमानं करूनही फरक पडला नाही तर डॉक्टरीणबाईंना मोकळेपणाने सांगावं. त्यांना यात नवल वाटत नाही.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना एकच विचारा: आई, तुमच्या मंगळागौरीला फुगडी कितीची झाली होती? झिम्मा, पिंगा, फुगडी, सूप नाचवणं, हे सगळं आपल्या रीतीनं नव्या लग्नाच्या बाईसाठीच ठेवलेलं आहे. रात्रभर जागवून, अंग घामाघूम होईपर्यंत. ते शोभत होतं, मग हे का शोभत नाही? आपल्याकडे फार तर पाच वर्षांची मंगळागौर, मग उद्यापन, आणि बाईच्या अंगाचंही बहुधा तिथेच उद्यापन होतं. भामरागडच्या ओळीत तसं नाही. तिथे लेकुरवाळीही असते नि पिकल्या केसांचीही असते, आणि तिला कुणी काही म्हणत नाही. शक्य असेल तर सासूबाईंना एक दिवस सरावाला घेऊन जा, खुर्ची टाकून बसवा आणि आकडे मोजायचं काम त्यांच्याकडे द्या. आठाला चुकतील त्या मुलीकडे त्यांचं लक्ष तुमच्याआधी जाईल. यजमानांचं पत्रात काही लिहिलेलं नाही. त्यावरून ते गप्प असावेत. त्या तीन आठवड्यांत सकाळचा चहा ते करतील, एवढं त्यांच्याकडून ठरवून घ्या.

कपडे साधे. मुलींना सलवार-कुडता किंवा शाळेचाच खेळाचा पोशाख, ओढणी असेल तर तिरपी बांधून कमरेला गाठ. तुम्हीही सलवार घाला. साडीत पवित्रा दाखवायचा म्हणजे निऱ्यांची चिंता आधी.

आणि हातातले गोंडे विकत आणू नका. अमेरिकेतले झगमगीत प्लॅस्टिकचे असतात, ते नंतर नदीत नाहीतर रानात जाणार. जुन्या सुती साड्या काढा, प्रत्येक गोंड्याला साधारण अर्धा मीटर कापड लागतं. त्याच्या बोटभर रुंद, वीतभर लांब पट्ट्या फाडा, कात्रीनं कापू नका. फाडलेल्या कडेला सुटलेले दोरे छान पिसारतात. सगळ्या पट्ट्या एकत्र धरून मधोमध सुतळीनं घट्ट आवळा आणि त्याच सुतळीची मुठीत बसेल एवढी कडी करा. दोन रंग घ्या, एक गडद नि एक पिवळा किंवा पांढरा. दोन्ही गडद घेतले तर हिरव्या झाडीपुढे काही उठून दिसत नाही. पट्ट्या फाडण्याआधी साडी मिठाच्या पाण्यात तासभर भिजवून बघा. पाणी रंगलं तर ती साडी बाजूला ठेवा, नाहीतर सरावाच्या पहिल्याच दिवशी घामानं सोळाजणींचे तळहात लाल नि शाळेचे पांढरे कुडते गुलाबी होतील, आणि मग तो डाग कसा काढायचा म्हणून याच पानाला दुसरं पत्र लिहावं लागेल.